जाळी तुमची, भोक आमचं

आमच्या सासऱ्यांच्या खोलीत गरम हवा येत नव्हती. एवढीच गोष्ट. शहाण्या माणसाने त्यांना एक जाडसर पांघरूण आणून दिलं असतं आणि विषय मिटवला असता. पण मी पडलो सुशिक्षित. सुशिक्षित माणसाचं पांघरुणाने भागत नाही. त्याला कारण लागतं, मग उपाय लागतो आणि शेवटी भिंतीला पडलेलं भगदाड झाकायला एखादं कॅलेंडर लागतं.

आमच्या इमारतीच्या तळघरात एक अवाढव्य मशीन आहे. ते थंडीत गरम आणि उन्हाळ्यात गार हवा फुंकतं, असं घर घेताना मिळालेल्या माहितीपत्रकात छापलं होतं, आणि माहितीपत्रकावर विश्वास ठेवण्याचं माझं तेव्हा वय होतं. ही हवा पत्र्याच्या बोगद्यांतून भिंतींच्या पोटातून फिरत फिरत प्रत्येक खोलीत येते आणि जमिनीलगतच्या एका जाळीतून बाहेर पडते. जाळी म्हणजे एक लोखंडी चौकट, तिला आडव्या तिरप्या पट्ट्या, पट्ट्यांमागे झडप, आणि ती उघडायला-लावायला बाजूला एक छोटी दांडी. आमच्या सगळ्या दांड्या रंगाऱ्याने भिंतीबरोबरच रंगवून टाकल्यामुळे कायमच्या थिजल्या होत्या. रंगाऱ्याच्या हातात ब्रश आला की हलणारी वस्तू कुठली आणि न हलणारी कुठली हे त्याला कळेनासं होतं. आमची मांजर त्या दिवसांत शेजारी राहायला गेली होती म्हणून वाचली.

सासूबाई गेल्या, त्यानंतर सासरे आमच्याकडे राहायला आले. निवृत्त मुख्याध्यापक. जन्मभर परीक्षांवर देखरेख केलेला माणूस. कॉपीचा त्यांना एवढा तिटकारा की, बाकावर शेजारी बसलेल्याच्या वर्तमानपत्रात चुकून नजर गेली तरी ते स्वतःलाच दटावल्यासारखे खाकरतात आणि मान दुसरीकडे वळवतात. बाकी माणूस म्हणाल तर अवघड. चहा असा भुरकतात की शेजारच्या खोलीत कळावं. एकच आठवण दर आठवड्याला नवी म्हणून सांगतात. मला ‘जावईबापू’ म्हणतात, आणि त्यात मान किती आणि टोमणा किती हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

आमचं नातं बुद्धिबळाच्या पटावर चालतं. संध्याकाळी त्यांच्या खोलीत पट मांडायचा, जेवणाची हाक आली की डाव आहे तसा सोडायचा आणि दुसऱ्या दिवशी पुढे चालू. एकेक डाव आठवडाभर रेंगाळतो, कारण सासरे प्रत्येक चालीला मुलीचं स्थळ बघायला निघाल्यासारखा विचार करतात. ते आल्यापासून मी सारखा हरत होतो. मग थंडी पडली आणि माझा खेळ एकदम फुलला. लागोपाठ डाव जिंकायला लागलो. काही माणसांची प्रतिभा उशिरा बहरते, असं मी बायकोला समजावून सांगत असे. आमची ही चर्चा जेवणानंतर स्वयंपाकघरात होते. ती भांडी घासते, मी पुसतो, आणि पुसता पुसता उद्या बाबांचा उंट कसा कोंडायचा याचं साद्यंत विवेचन करतो. तिला बुद्धिबळातलं ओ की ठो कळत नाही, पण कर्तबगार माणसाला श्रोता लागतोच.

तर थंडी पडली आणि सासऱ्यांच्या खोलीत हवा यायची थांबली. ते कानटोपी, मफलर आणि हातमोजे घालून पटासमोर बसू लागले. प्यादं उचलायला गेले की तीन प्यादी पडायची. पायांत मात्र नुसत्या सपाता. मोजे कुठे आहेत विचारलं की म्हणायचे, “धुवायला टाकलेत.” माझ्या बायकोने त्यांच्यासाठी स्वतः लोकरीचे मोजे विणले होते, ढीगभर. एवढे मोजे एकाच वेळी धुवायला कसे काय पडले आहेत, हा प्रश्न कोणाही विचारी माणसाला पडायला हवा होता. मला पडला नाही. मी हत्ती कुठे ठेवायचा याच्या विचारात होतो. आणि गंमत म्हणजे त्यांच्या भिंतीला भिंत लावून असलेल्या आमच्या स्वयंपाकघरात लोणी बाहेर काढलं की पाच मिनिटांत वितळायचं.

हे सगळं आम्ही तसंच चालू ठेवलं असतं. पण बायकोने भावाला फोन करताना “बाबांची खोली जरा गार पडते” असं सांगण्याचा भाबडेपणा केला.

मेहुणेबुवा हे मोठं प्रस्थ. ते फोन कानाला लावूनच जन्माला आले असावेत. त्यांच्या घरात प्रत्येक खोलीला वेगळं तापमान आहे आणि ते बदलायला उठावं लागत नाही, नुसतं भिंतीशी बोलावं लागतं. घरातल्या माणसांशी बोलण्याची सोय अजून झालेली नाही. त्यांनी बहिणीला शांतपणे सांगितलं, “रविवारी येतो. खोली गार असेल तर बाबांना घेऊनच जातो. कायमचं. माझ्याकडे त्यांना काही कमी पडणार नाही.”

आता जावयाने यावर काय म्हणावं? सुटलो, म्हणावं. मी तसं म्हणून बघितलं, स्वतःशीच. जमलं नाही. संध्याकाळी त्या खोलीत जायचं आणि समोरची खुर्ची रिकामी, ही कल्पनाच मला सोसेना. कचेरीत दिवसभर माना डोलावणाऱ्या माणसांत काढल्यावर, “जावईबापू, ही चाल मूर्खपणाची आहे” असं तोंडावर सांगणारा एक तरी माणूस घरी असावा लागतो. मी बायकोला म्हणालो, “रविवारच्या आत त्या खोलीत घाम यायला लागेल. तो बघतच राहील.”

“तुम्ही स्वतः काही करू नका हं,” ती म्हणाली. लग्न होऊन इतकी वर्षं झाली तरी बायको नवऱ्याची पारख करायला शिकत नाही, किंवा फार लवकर शिकते.

पहिला सल्ला वरून आला. वरच्या मजल्यावर एक निवृत्त अभियंते राहतात. त्यांनी पूल बांधले की पुलांच्या फाइली बांधल्या, हे विचारायची कोणाची छाती नाही. जिन्यात मी नुसतं “हवा येत नाही हो” म्हणालो, तर ते संध्याकाळी खिशात कागदाची पट्टी घेऊन हजर. सासऱ्यांच्या खोलीत त्यांनी ती पट्टी जाळीसमोर धरली. सासरे जाळीला पाठ लावून खुर्चीत बसले होते आणि काही केल्या उठायला तयार नव्हते, म्हणून अभियंत्यांना त्यांच्या पायांमधून हात घालावा लागला. बराच वेळ ते श्वास रोखून बसले. मग उठले आणि गंभीरपणे म्हणाले, “पट्टी हलत नाही. याचा अर्थ हवा येत नाही.”

“तेच तर मी तुम्हाला जिन्यात सांगितलं.”

“तुम्ही सांगितलंत. मी सिद्ध केलं.”

मग उपाय. बाकीच्या खोल्यांतल्या सगळ्या जाळ्या बंद करायच्या. हवेला जायला दुसरी वाटच उरली नाही की ती झक मारत इकडे येईल. मला हे पटलं, हे सांगायला आज लाज वाटते. दांड्या हलत नव्हत्या म्हणून आम्ही सगळ्या जाळ्यांवर पुठ्ठे लावले आणि चिकटपट्टीने चिकटवले. दुसऱ्या दिवशी आम्ही सगळेच कानटोपी घालून नाश्त्याला बसलो. सासऱ्यांची खोली होती तशीच गार. त्यांनी सगळ्यांकडे एकवार बघितलं आणि म्हणाले, “आता समता आली.”

मी तणतणत वर गेलो. अभियंत्यांनी दार उघडलं ते बनियन आणि अर्ध्या चड्डीवर. मागे खिडक्या सताड उघड्या, पंखा चालू.

“काय सुरेख ऊब आलीय म्हणून सांगू कालपासून,” ते म्हणाले. “इतकी वर्षं तक्रारी करून थकलो. आपोआपच सुधारलं बघा.”

माझी हवा, माझ्याच हातांनी, मी त्यांच्या घरी पाठवली होती. शिवाय त्यासाठी चिकटपट्टी माझी. मी खाली येऊन पुठ्ठे ओरबाडून काढले, त्याबरोबर भिंतीचा रंगही निघाला. दांड्यांवरचा तेवढा निघाला नाही.

मग मी रीतसर मार्ग धरला. इमारतीचं ऑफिस तळमजल्यावर आहे. तिथले व्यवस्थापक मुळात सभ्य गृहस्थ, पण खुर्चीत बसले की बदलतात. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “तक्रार जाळीची आहे की भोकाची?”

“हवेची आहे.”

“तसं नाही चालत. जाळी तुमची, भोक आमचं. जाळी बिघडली तर तुम्ही बघायचं, भोक बिघडलं तर आम्ही बघू.”

“पण कोण बिघडलंय हे मला काय ठाऊक?”

“ते ठरलं की या.”

मी हटलो नाही. मध्यमवर्गीय माणूस भांडत नाही, पण काउंटरवर कोपर ठेवून उभा राहिला की भल्याभल्यांना घाम फोडतो. शेवटी त्यांनी तपासनीस पाठवला. तो तापमापक घेऊन आला, सासऱ्यांच्या खोलीत उभा राहिला, मग शेजारी स्वयंपाकघरात उभा राहिला, आणि कागदावर आकडेमोड करून म्हणाला, “सरासरी उत्तम आहे.”

“सरासरी?”

“घराची. एकीकडे कमी, एकीकडे जास्त. एकूण बघितलं तर तक्रारीला जागा नाही.”

“मग बाबांचं डोकं स्वयंपाकघरात ठेवू आणि पाय खोलीत?”

“भिंत आहे ना मध्ये,” तो म्हणाला. त्याला माझा टोमणा कळलाच नाही. ऑफिसात काम मिळवायला हीच एक पात्रता लागत असावी.

आता प्रश्न माझ्या प्रतिष्ठेचा झाला. भोकाचं काही होणार नव्हतं, तेव्हा जाळीच बदलायची असं मी ठरवलं. नवी, हलणाऱ्या दांडीची. मापाची फीत घेऊन सासऱ्यांच्या खोलीत गेलो. सासरे पुन्हा जाळीला पाठ लावून बसलेले.

“बाबा, जरा बाजूला होता का? जाळी काढून बघतो.”

“डाव अर्धवट आहे.”

“डाव संध्याकाळी. मी जाळीचं म्हणतोय.”

“जावईबापू, थंडी मला सोसते. तुम्ही बसा. तुमचीच चाल आहे.”

त्यांच्या या हट्टाचा मला राग आला. जुन्या माणसांना स्वतःचं भलं झालेलं बघवत नाही असं काहीतरी पुटपुटत मी त्यांच्या खुर्चीखालून हात घातला, चाचपडत जाळीची लांबी-रुंदी घेतली आणि दुकान गाठलं.

दुकानदार टेकून बसला होता. त्याने माप ऐकलं, मग माझ्याकडे बघितलं. “जाळी मोजलीत की भोक?”

आता बघा. जाळीची चौकट भोकापेक्षा मोठी असते, कारण तिला भिंतीवर टेकायचं असतं, आणि जाळ्या विकल्या जातात त्या भोकाच्या मापाने. हे मला त्या क्षणापर्यंत ठाऊक नव्हतं. पण दुकानदाराच्या आवाजात असं काही होतं की खरं बोलणं मला शक्यच नव्हतं.

“भोकच मोजलंय,” मी म्हणालो. “इतकं कळतं आम्हाला.”

“बरं,” तो म्हणाला, आणि आतून परातीएवढी जाळी घेऊन आला.

घरी आल्यावर चूक लक्षात आली. ती परत करणं अशक्य नव्हतं. नुसतं जाऊन “माझं चुकलं” म्हणायचं होतं. पण काही वाक्यं माझ्या घराण्यात कोणी उच्चारलेली नाहीत. मी ठरवलं की, जाळी भोकाला बसत नसेल तर भोक जाळीला बसवू. सासरे आपल्या खोलीतून हलेनात, म्हणून आधी स्वयंपाकघरात प्रयोग करायचं ठरलं. तिथली जुनी जाळी मी रंगासकट उपटली आणि छिन्नी-हातोडा घेऊन बसलो.

बायको दारात उभी होती. “मी म्हटलं होतं ना, काही करू नका म्हणून.”

“थोडंसंच वाढवायचंय.”

थोडंसं वाढवायचं, हे छिन्नीला सांगता येत नाही. चौथ्या-पाचव्या घावाला प्लॅस्टरचा एक मोठा लपका निघाला, त्यामागून आणखी एक, आणि भोक इतकं वाढलं की परातीएवढी जाळी त्याच्या आतच पडली. ती अजूनही तिथे आहे. तिचा आवाज बोगद्यातून लांबवर गेला आणि भिंतीपलीकडून सासऱ्यांचं खाकरणं ऐकू आलं. त्या भगदाडावर बायकोने मुकाट्याने एक कॅलेंडर लावलं. भगदाड जमिनीलगत असल्यामुळे आमच्याकडे आता तारीख बघायला उकिडवं बसावं लागतं.

शनिवारी मी पुन्हा दुकानात गेलो. या वेळी भोकाचं खरं माप सांगितलं, ते उपटलेल्या जुन्या जाळीच्या मागच्या बाजूवरून मिळालं होतं. नवी जाळी कागदात गुंडाळताना दुकानदार गालातल्या गालात इतका हसत होता की कागद दोनदा फाटला.

रविवारी सकाळी सासरे आंघोळीला गेले तशी मी संधी साधली. खुर्ची सरकवली, पालथा पडलो आणि जाळीचे स्क्रू खरवडायला घेतले. जवळून बघतो तर एक पट्टी तुटलेली, आणि आत काहीतरी करडं, केसाळ. उंदीर असावा म्हणून मी हात मागे घेतला. तेवढ्यात बेल वाजली. मेहुणेबुवा ठरल्या वेळेच्या आधीच आले होते. माणसाला रंगेहाथ पकडायचं असलं की तो वेळेआधी येतो. ते फोनवर बोलतच आत आले, बोलतच माझ्या डोक्याशी उभे राहिले, आणि त्यांच्या बुटांकडे बघत मी शेवटचा स्क्रू सोडवला.

जाळी निघाली आणि आतून मोजा पडला. मग दुसरा. मग मी हात घालून ओढायला लागलो, तर एकामागून एक लोकरीचे मोजे, घट्ट गुंडाळ्या करून ठासलेले. बायकोने विणलेला सगळा ढीग. शेवटचा मोजा निघाला आणि भोकातून गरम हवेचा असा झोत आला की माझा चष्मा धुरकटला.

मेहुणेबुवांनी फोन खाली घेतला. “हे काय आहे?”

“मोजे,” मी जमिनीवरून म्हणालो. या प्रसंगी याहून भारदस्त उत्तर कोणाला सुचलं असतं तर त्याने मला जरूर कळवावं.

“बाबांचे मोजे आहेत हे, दादा,” बायको म्हणाली. “मी विणलेले.”

“म्हणजे बाबांची हवा बंद करायला त्यांच्याच पायातले मोजे वापरलेत तुम्ही? वा. कमाल आहे.”

तेवढ्यात सासरे आंघोळ करून, केस विंचरून दारात आले. मोज्यांच्या ढिगाकडे बघून त्यांचा चेहरा पडला. ते काही बोलणार, तोच मेहुणेबुवा म्हणाले, “बाबा, तुम्ही काही बोलू नका. मी सगळं बघितलंय. तुमची बॅग कुठे आहे?”

“अरे पण—”

“काही बोलू नका म्हटलं ना. बसा तुम्ही.”

चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हे. मी चष्मा पुसत उठलो आणि ताडताड स्वयंपाकघरात गेलो. मागून बायको आली. तिथे मला जे तोंड सुटलं, ते मी सगळं इथे लिहीत नाही, पण सारांश द्यायला हरकत नाही.

“हा कोण लागून गेला?” मी म्हणालो. “वर्षातून एकदा येतो, तोही फोनवर. बापाला वाक्य पुरं करू देत नाही आणि त्याला घेऊन जातो म्हणे. तिकडे नेऊन काय करणार? भिंतीला सांगणार, बाबांना बावीसवर ठेव म्हणून?”

“हळू बोला,” बायको म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

“का हळू बोलू? माझं घर आहे. आणि तुझे वडील काय, मान्य आहे, भुरकतात. खाकरतात. तीच ती गोष्ट सांगून डोकं उठवतात. एका चालीला एवढा वेळ लावतात की मला मधे डुलकी लागते. पण ते गेले तर संध्याकाळी मी कोणासमोर बसू? तुझ्या भावाच्या फोटोसमोर? मला ते इथे हवेत. माझ्या घरात, माझ्या समोर, माझ्या चालींना नावं ठेवत. कळलं?”

“मग हे त्यांना सांगा ना.”

“त्यांना कशाला सांगू? डोक्यावर बसतील.”

यावर जमिनीलगतचं कॅलेंडर हललं आणि त्याच्या मागून कोणीतरी खाकरलं.

आम्ही दोघं त्या कॅलेंडरकडे बघत राहिलो. ते खाकरणं मी कुठेही ओळखलं असतं. शेजारच्याच्या पेपरात चुकून नजर गेली की जे ऐकू येतं, ते.

आम्ही परत खोलीत गेलो. मेहुणेबुवा पलंगाच्या कडेवर बसले होते. फोन हातात होता पण कानाला नव्हता. मी त्यांचा उजवा कान प्रथमच बघत होतो, आणि तो लालबुंद झाला होता. सासरे खुर्चीत बसले होते, अनवाणी पाय त्या झोतासमोर धरून.

“मोजे मी कोंबले,” ते म्हणाले. “त्या तुटक्या पट्टीतून. फूटपट्टीने.”

“अहो पण का, बाबा?” बायको म्हणाली. “इतके दिवस कुडकुडत बसलात.”

“डाव चालू होता.”

कोणालाच काही कळलं नाही. तेव्हा त्यांनी वर्गात सांगावं तसं सावकाश सांगितलं. “जावईबापू जेवणानंतर भांडी पुसताना दुसऱ्या दिवशीची चाल बोलून दाखवतात. ती या भोकातून इथे शब्दन् शब्द ऐकू येते. आधी मला वाटलं, वरच्यांचा रेडिओ आहे. मग एकदा माझ्याच उंटाला शिव्या पडलेल्या ऐकल्या. आता ऐकून खेळणं म्हणजे कॉपी. जन्मभर पोरांना कॉपी करू दिली नाही, आता म्हातारपणी जावयाची करू?”

“मग मला सांगायचं होतं,” मी म्हणालो. “मी बोलायचा थांबलो असतो.”

“म्हणून तर सांगितलं नाही. तेवढ्या वेळात तुम्ही दोघं हसता. ते कशाला बंद करायचं?” त्यांनी जाळीच्या थिजलेल्या दांडीकडे बोट दाखवलं. “ही हलत असती तर भांडी होईपर्यंत नुसती झडप लावून बसलो असतो. मोजे खराब झाले नसते.”

मी ती दांडी बघत उभा राहिलो. एवढ्यासाठी अभियंते झाले, ऑफिस झालं, सरासरी झाली, भिंत फुटली. आणि ती पोटभर रंग पिऊन तशीच थिजलेली होती.

“ते काहीही असो,” मेहुणेबुवा घसा साफ करून म्हणाले, “बाबा, माझ्याकडे तुम्हाला असले प्रकार सोसावे लागणार नाहीत. तिकडे तुम्हाला कोणी काही बोलणार नाही.”

“तेच तर,” सासरे म्हणाले. “गेल्या वेळी महिनाभर राहिलो तुझ्याकडे. ऊब छान होती. पण माझ्याविषयी कोणी एक अक्षर बोललं नाही रे. चांगलं नाही, वाईटही नाही. इथे मी भुरकतो हे निदान कोणाच्या तरी लक्षात आहे.”

बराच वेळ मेहुणेबुवांच्या हातातला फोन वाजत होता आणि तो त्यांनी घेतला नाही. मग ते उठले, खाली वाकून एक मोजा उचलला, झटकला आणि वडिलांच्या पायात चढवायला लागले. त्यांना ते नीट जमत नव्हतं. निघताना दारात मला म्हणाले, “पुढच्या महिन्यात येतो. फोटो नको, मीच बसेन समोर.” मी त्यांना बुद्धिबळ येतं का विचारलं. नाही म्हणाले. मला एकदम बरं वाटलं. जिंकायला कोणीतरी मिळालं.

कारण त्याची आता गरज आहे. नवी जाळी मी त्याच दुपारी बसवली आणि ती चक्क बसली. सासऱ्यांची खोली उबदार झाली, त्यांचे पाय गरम झाले, आणि तेव्हापासून मी पुन्हा हरतो आहे. थंडीत जे फुललं होतं ते माझी प्रतिभा नव्हती, त्यांची बोटं गारठली होती. इमारतीच्या ऑफिसने स्वयंपाकघरातलं भगदाड पाहिलं आणि मला पत्र पाठवलं. भोक त्यांचं हे त्यांना मान्य आहे, पण वाढलेला भाग कोणाचा यावर विचार चालू आहे. तोवर आम्ही तारीख उकिडवं बसूनच बघतो.

रोज जेवण झालं की सासरे आपल्या खोलीत जातात, आणि आम्ही भांड्यांना लागलो की कॅलेंडरमागून ‘खट्’ असा आवाज येतो. झडप लागली. मग मी बोलायला सुरुवात करतो. काल मात्र लागोपाठच्या पराभवांनी माझी बुद्धी फिरली. मी ठरवलं, ‘खट्’ व्हायच्या आतच एक खोटी चाल मोठ्याने बोलून टाकायची. माणूस कितीही प्रामाणिक असला तरी कानांना थोडंच बूच असतं? ऐकेल आणि फसेल. मी ताट हातात घेतलं, कॅलेंडरकडे तोंड केलं आणि खणखणीत आवाजात म्हणालो, “अगं, उद्या मी घोडा—”

“जरा थांबा, जावईबापू,” कॅलेंडर म्हणालं. “अजून झडप लावायची आहे.”